मासे-कोळंबीचं खाद्य स्वतः बनवायचंय? मग आधी पिशवीवरचे टक्के विसरा

तलावाच्या एकूण खर्चात अर्ध्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, हे ज्याने एक जरी बॅच काढलीय त्याला माहितीच आहे. त्यामुळे कधी ना कधी प्रत्येकाच्या डोक्यात येतंच की पेंड आहे, कोंडा आहे, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) फुकट वाढतो, मग बाहेरचं खाद्य कशाला घ्यायचं. विचार चुकीचा नाहीये. पण मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा सगळ्या पिशव्यांवरचं प्रोटीन वाचलं, कॅल्क्युलेटरवर ३० टक्के जुळवले आणि टाकलं तलावात. तीन महिन्यांनी मासा वजनाला असा काही हलका की व्यापाऱ्याने दोनदा काटा तपासला, त्याला वाटलं काटाच बिघडलाय.

मासा टक्के खात नाही ना. तो जे पचवतो तेच अंगाला लागतं, आणि जे पाण्यात विरघळून जातं ते तर त्याच्या तोंडापर्यंतही जात नाही. खालचं सगळं वाचताना एवढं एक डोक्यात ठेवा.

फिशमील नको असं सगळे म्हणतात, पण का

फिशमील म्हणजे छोटे मासे शिजवून, दाबून, वाळवून केलेली भुकटी. प्रोटीन साधारण ६० ते ७० टक्के, अमायनो ॲसिडचा (म्हणजे प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यांचा) मेळ माशाला हवा तसाच, वास असा की मासा धावत येतो. म्हणजे वाईट काहीच नाही. अडचण दुसरीकडे आहे. एक किलो फिशमीलला साधारण साडेचार-पाच किलो ताजी मासळी लागते, आणि जगातलं बरंचसं फिशमील पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोवेटा नावाच्या एका बारक्या माशावर उभं आहे. एल निनो आला, समुद्र तापला की तो मासा गायब. १९७२-७३ ला ती मासेमारी कोसळली होती, आणि अगदी अलीकडे २०२३ मध्ये पेरूच्या मुख्य भागातला पहिला हंगाम सरळ रद्दच झाला. म्हणजे भाव कधी उडेल हे आपल्या हातात नाही.

दुसरं उदाहरण नॉर्वेच्या सॅल्मनचं. सॅल्मन हा पक्का मांसाहारी मासा, तरी १९९० साली त्याच्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के माल समुद्रातला असायचा तो २०२० पर्यंत साधारण २२ टक्क्यांवर आला. बाकी सगळं सोया, गहू, वनस्पती तेलं वगैरे. मग आपले कार्प, तिलापिया, पंगॅशियस तर मुळातच मिळेल ते खाणारे. त्यांच्यासाठी फिशमील ५-६ टक्क्यांवर आणणं अजिबात अवघड नाही, फक्त त्याच्या जागी काय जातंय ते समजून घालायला पाहिजे. शून्यावर आणायचा हट्ट मात्र सुरुवातीला करू नका.

पायरी १ : आधी तलावात काय आहे ते बघा

हे कोणी करत नाही, आणि सगळ्यात स्वस्त खाद्य इथेच असतं. कार्पसारखे मासे विरळ सोडले असतील आणि पाणी हिरवट असेल तर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे, तळातले कृमी हे सगळं मिळून माशाला चांगल्या प्रतीचं प्रोटीन आयतंच मिळत असतं. अशा तलावात वरून भारी प्रोटीनचं खाद्य टाकणं म्हणजे भरल्या पोटी जेवण वाढणं. तिथे कमी पडते ती एनर्जी, म्हणून कोंडा, मका, गव्हाचा चुरा असलं साधं खाद्य पुरतं. उलट सिमेंटच्या टाकीत, पिंजऱ्यात किंवा दाट संख्येत मासा ठेवलाय तर त्याला बाहेरून काहीच मिळत नाही, मग व्हिटॅमिनपासून सगळं तुम्हालाच द्यावं लागतं.

तपासायचं कसं, तर सेक्की डिस्क घ्या, म्हणजे काळी-पांढरी रंगवलेली गोल थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. ३० ते ४० सेंटीमीटरला दिसेनाशी झाली की पाणी बरोबर. थाळी नसेल तर हात बुडवा, कोपरापर्यंत पाणी आलं की तळहात पुसट व्हायला पाहिजे. ६० सेंटीमीटरलाही स्वच्छ दिसतंय म्हणजे पाण्यात खाद्य नाही, शेणखत किंवा दुसरं खत थोडं थोडं देऊन बघा. आणि २० ला गायब होतंय तर खत, खाद्य दोन्ही थांबवा, कारण अशा पाण्यात पहाटे ऑक्सिजन पडतो आणि सकाळी मासे वर तोंड काढून उभे दिसतात. गढूळ मातीच्या पाण्यात मात्र ही टेस्ट फसवते हं, तिथे थाळी मातीमुळे गायब होते, प्लवंगामुळे नाही.

बायोफ्लॉक हा याच्याच पुढचा प्रकार. माशाने टाकलेला नायट्रोजन जीवाणू खातात, पण त्यांना सोबत कार्बन लागतो, म्हणून मळी (साखर कारखान्यातला काळा पाक) वगैरे टाकायची. हिशोब असा, की १० किलो खाद्य टाकलं, प्रोटीन ३० टक्के, म्हणजे प्रोटीन ३ किलो, त्यातला नायट्रोजन १६ टक्क्यांनी ४८० ग्रॅम. त्यातला निम्मा अमोनिया होऊन पाण्यात आला असं धरलं तर २४० ग्रॅम. तो जिरवायला त्याच्या साधारण २० पट कार्बोहायड्रेट, म्हणजे पावणेपाच-पाच किलो. मळीत सगळी साखर नसते, पाणी पण असतं, त्यामुळे मळी त्याहून जास्त लागेल. तयार होणारा फ्लॉक, म्हणजे जीवाणूंचे बारीक पुंजके, तिलापिया आणि व्हनामी कोळंबी दोघंही खातात. पण हवा २४ तास लागते, लाईट जाते तिथे जनरेटरशिवाय या फंदात पडू नका, अर्ध्या तासात टाकी रिकामी होते.

पायरी २ : माल ओळखा, आणि त्यातली खोट पण

बऱ्याच वनस्पती आपल्या बियांचं रक्षण करायला त्यात काहीतरी विष नाहीतर कडवटपणा घालून ठेवतात. ते काढल्याशिवाय किंवा प्रमाण कमी ठेवल्याशिवाय पेंड वापरायची नाही, एवढाच नियम.

सोया पेंड, ४४ ते ४८ टक्के प्रोटीन, मिळते सगळीकडे, लायसिन चांगलं, मेथिओनिन कमी (ही दोन्ही माशाला लागणारी अमायनो ॲसिड). तेल काढताना ती तापवलेली असते म्हणून चालते. पण अख्खं कच्चं सोयाबीन दळून घालणारे पण लोक आहेत, त्यात ट्रिप्सिन इन्हिबिटर असतो, म्हणजे माशाच्या पोटातलं प्रोटीन पचवणारं एन्झाइमच बंद पाडतो. चांगलं भाजून किंवा उकडून घ्या, आणि जाळू पण नका कारण करपलं की लायसिन जातं.

शेंगदाणा पेंड मासे आवडीने खातात आणि प्रोटीनही ४५ च्या आसपास, पण लायसिन कमी आणि बुरशीचा धोका सगळ्यात जास्त. ती बुरशी जे विष सोडते ते अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत ट्राउट माशांना यकृताचा कॅन्सर होत होता तो सरकी पेंडीतल्या ह्याच विषामुळे. लोक विचारतात उन्हात वाळवली तर चालेल का, उकळली तर चालेल का. नाही चालत. बुरशी मरते पण विष तसंच राहतं. पेंडीला कुबट वास आला, आत हिरवट-पिवळी बुरशी दिसली की ती खतात टाका. मी एकदा 'थोडीशीच लागलीय' म्हणून वरचा थर काढून उरलेली वापरली होती, महिन्याभराने मासे चिरून बघितले तर यकृत पांढुरकं पडलेलं.

मोहरी पेंडीत ३५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि मेथिओनिन सोयापेक्षा बरं, पण ग्लुकोसिनोलेट नावाचं तिखट प्रकरण आहे जे थायरॉईडवर जातं, म्हणून १०-१२ टक्क्यांच्या फार पुढे जाऊ नका. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विष, ते लायसिनला पकडून ठेवतं, थोडीच वापरा. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन भरपूर आणि लायसिन कमी, म्हणजे सोयाच्या बरोब्बर उलट, म्हणून ही दोघं एकत्र घातली की एकमेकांचं उणं भरून काढतात. खरं सांगायचं तर खाद्य बनवण्यातली निम्मी अक्कल एवढीच आहे. एकाच पेंडीवर भर देऊ नका, तीन-चार मिसळा, म्हणजे कुठलंच विष जास्त होत नाही आणि कुठलंच अमायनो ॲसिड फार कमी पडत नाही. नारळाची आणि सूर्यफुलाची पेंड पण चालते पण चोथा जास्त, भरतीला थोडी.

भाताचा कोंडा स्वस्त आणि चांगला, १२ टक्के प्रोटीन, १५ टक्क्यांपर्यंत तेल. पण गिरणीतून निघाल्यापासून त्यातलं लायपेज एन्झाइम तेल नासवायला लागतं. ताजाच आणा, आणि ठेवायचा असेल तर कढईत परतून किंवा वाफवून ठेवा. चाखून बघा, जिभेला कडवट लागला तर माशाला पण कडवट लागणार.

अझोलाबद्दल सगळीकडे सांगतात की २५ टक्के प्रोटीन. बरोबर आहे, पण वाळवलेल्या अझोलात. ताज्या अझोलात ९३-९४ टक्के पाणीच असतं. १०० किलो ताजा काढला तर वाळून साडेसहा किलो आणि त्यात प्रोटीन दीड किलो. सव्वातीन किलो सोया पेंडीत तेवढंच येतं. म्हणून अझोला, डकवीड (तशीच तरंगणारी बारीक वनस्पती) वाळवून-दळून गोळीत घालण्यापेक्षा ताजंच टाका, ग्रास कार्प आणि तिलापिया तसंच खातात, मेहनत वाचते. आणि डकवीड पाण्यातले जड धातू पण शोषून घेतं, तेव्हा नाल्यातून किंवा कारखान्याच्या पाण्यातून आणू नका.

शेवग्याचा पाला वाळवून ५ ते १० टक्के चालतो. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसीन असतं, दोन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मग वाळवायचा. कसाव्याच्या पाल्यात सायनाइड तयार होतं, तो बारीक चिरून, कोमेजू देऊन उन्हात कडक वाळवायचा, ओला कधीच नाही.

पायरी ३ : किडे आणि टाकाऊ माल

ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे बीएसएफ, हिच्या अळ्यांचं सध्या फार चाललंय आणि त्यात तथ्य आहे. युरोपियन युनियननेही १ जुलै २०१७ पासून माशांच्या खाद्यात किड्यांचं प्रोटीन वापरायला परवानगी दिली. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. भाजीपाला, फळांची सालं, खरकटं डब्यात भरा, ओलावा इतका की मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर जास्त झालं, भुसा मिसळा. वर नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे लटकवा, माशी त्या फटींत अंडी घालते. अंडी साधारण चार दिवसांत फुटतात, २७ ते ३० डिग्रीला अळी दोन-अडीच आठवड्यांत तयार. काळपट पडायच्या आधीच काढा, पांढरट असतानाच. काळी झाली म्हणजे कोष व्हायला निघाली, मग कायटिन, म्हणजे सालीतलं कडक द्रव्य, वाढतं आणि पचन कमी होतं. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मारायच्या आणि वाळवायच्या.

आता परत टक्क्यांची गंमत. लॅबमध्ये प्रोटीन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. अळीच्या सालीतल्या कायटिनमध्ये पण नायट्रोजन असतो, तो प्रोटीन म्हणून मोजला जातो. किड्यांसाठी खरा गुणक ४.७६ च्या जवळ आहे. म्हणजे रिपोर्टवर ४५ आलं तर धरायचं ३४-३५. आणि हाच गुणाकार भेसळवाले पण वापरतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, गुणिले ६.२५ म्हणजे कागदावर २८७ टक्के प्रोटीन! १०० किलो निकृष्ट मालात १ किलो युरिया मिसळला की रिपोर्ट जवळजवळ ३ टक्क्यांनी फुगतो. २००७ साली खाद्यात मेलामाइन (हेही नायट्रोजनवालं रसायन) मिसळल्याचं प्रकरण झालं तेही ह्याच तत्त्वावर. म्हणून मासळीची भुकटी घेताना नुसता रिपोर्ट बघू नका, मूठभर ग्लासात पाण्यात ढवळा, वाळू लगेच खाली बसते, ती किती आहे ते बघा, आणि अमोनियाचा झणका येतोय का ते हुंगा.

गांडुळांचं पण प्रोटीन भारी, वाळवल्यावर ६० च्या आसपास, पण गांडूळखतातली जी लाल जात आहे तिच्या अंगातून कडवट द्रव येतो म्हणून मासे थुंकतात. गरम पाण्यातून काढा आणि ते पाणी टाकून द्या. रेशमाचे प्यूपे (कोषातले किडे) ५० टक्क्यांच्या वर प्रोटीनचे, पण तेल जास्त असल्यानं लवकर नासतात आणि मग वास माशाच्या मांसाला पण लागतो, काढणीच्या महिनाभर आधी बंद केलेले बरे.

मासळी कापल्यावर उरलेलं डोकं-आतडं असेल तर सायलेज करा, म्हणजे आंबट करून टिकवा. बारीक करा, वजनाच्या ३ टक्के फॉर्मिक ॲसिड नीट मिसळा, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये झाकून ठेवा आणि रोज ढवळा. लोखंडी भांडं नको. पीएच पट्टीवर ४ च्या खाली असायलाच पाहिजे. आठवड्याभरात माशाचीच एन्झाइम्स त्याला पातळ करून टाकतात, मग कोंड्यात मिसळून वापरायचं. हातमोजे, चष्मा घाला, हे ॲसिड कातडीवर पडलं की भाजतं. ॲसिड नको असेल तर १५ टक्के मळी आणि थोडं आंबट दही मिसळून हवाबंद ठेवलं तरी आंबून पीएच उतरतो, फक्त पीएच तपासल्याशिवाय भरवसा नाही, सडलेलं आणि आंबलेलं यात फरक आहे. ज्या जातीचा मासा त्याच जातीला परत खाऊ घालू नका, रोग फिरत राहतात. आणि कच्ची मासळी चिरून तशीच टाकायची सवय असेल तर ती सोडा, बऱ्याच कच्च्या माशांत थायामिनेज असतं जे व्हिटॅमिन बी-१ खाऊन टाकतं. शिजवलं की ते मरतं.

पायरी ४ : हिशोब

समजा १०० किलो खाद्य, प्रोटीन ३०, मध्यम वाढीच्या तिलापियासाठी. आधी १० किलो बाजूला काढा, बाइंडर (गोळी चिकटून ठेवणारा माल) आणि मिनरलसाठी. उरलेल्या ९० किलोत ३० किलो प्रोटीन बसवायचं, म्हणजे ते मिश्रण ३३.३ टक्क्यांचं हवं.

प्रोटीनवाला गट असा धरू, सोया पेंड ५ भाग, मोहरी पेंड २, बीएसएफ अळी २, फिशमील १. टक्के अनुक्रमे ४५, ३५, ३५ आणि ६०, अळीचे खरे धरलेत. सरासरी येते ४२.५. दुसऱ्या बाजूला कोंडा १२. आता चौकोनाची पद्धत, ४२.५ मधून ३३.३ गेले, राहिले ९.२, हा कोंड्याचा वाटा. ३३.३ मधून १२ गेले, राहिले २१.३, हा प्रोटीन गटाचा. बेरीज ३०.५. ९० किलोत प्रोटीन गट आला ६३ किलो आणि कोंडा २७. म्हणजे सोया ३१.५, मोहरी १२.६, अळी १२.६, फिशमील ६.३. उलटून तपासा, बरोबर ३० येतात.

उरलेल्या १० मध्ये बाइंडर म्हणून मैदा किंवा टॅपिओका स्टार्च ६, व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स २, मोनोकॅल्शियम फॉस्फेट दीड, मीठ अर्धा किलो. फॉस्फेट कशाला, तर पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटिक ॲसिडमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवायचं एन्झाइम माशाकडे नाही. कार्पला तर पोटच नसतं, ॲसिडही नाही, म्हणून त्याला डायकॅल्शियमपेक्षा मोनोकॅल्शियम जास्त लागू पडतं.

आणि तेल? वरून घालायची गरजच नाही. कोंड्यातून ४, अळीतून पावणेचार, मोहरीतून १, बाकीचं मिळून साधारण पावणेदहा टक्के फॅट आधीच आलंय. लोक सवयीने वर तीन टक्के तेल ओततात आणि मग माशाच्या पोटात पिवळी चरबी निघते, वजन दिसतं पण साफ केल्यावर जातं. तेल काढलेला कोंडा किंवा तेल काढलेली अळी वापरत असाल तर मात्र हिशोब परत मांडा.

पायरी ५ : गोळी

सगळं बारीक दळा, जेवढं बारीक तेवढं पचन चांगलं आणि गोळी घट्ट. आधी कोरडं सगळं मिसळा, प्रीमिक्ससारख्या चिमूटभर गोष्टी थोड्या पिठात कालवून मग मोठ्या ढिगात, नाहीतर एका गोळीत सगळं व्हिटॅमिन आणि दुसरीत काहीच नाही. स्टार्च गरम पाण्यात शिजवून त्याची खळ करा. कणकेपेक्षा घट्ट मळा, वाफेवर १५-२० मिनिटं ठेवा, थंड झाल्यावर प्रीमिक्स घातलं तर आणखी चांगलं कारण व्हिटॅमिन सी उष्णतेत टिकत नाही. मग खिमा करायच्या मशीनमधून २-३ मिलिमीटरच्या जाळीने काढा. सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून वाळवा, ओलावा १० टक्क्यांच्या आत आला पाहिजे. मोडली तर कट्कन तुटावी, वाकता कामा नये. ही गोळी बुडणारी होते. तरंगणारी करायला एक्सट्रूडर (दाबाखाली शिजवून गोळी फुगवणारं मशीन) लागतो, तो घरगुती कामाचा नाही.

मग ग्लासात पाणी घेऊन दहा गोळ्या टाका. माशासाठी १५ मिनिटं आकार टिकला तर पास. पाणी लगेच गढूळ झालं तर सगळी बॅच परत मळा, तलावात टाकू नका, ते खत होईल फक्त.

साठवण कोरडी, लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब. एका वेळी महिन्याभरापुरतंच करा.

कोळंबी असेल तर हे वेगळं

कोळंबी गोळी गिळत नाही, हातात धरून कुरतडत बसते. म्हणून तिची गोळी दोन तास पाण्यात टिकली पाहिजे, पीठ माशापेक्षा खूप बारीक, मैद्यासारखं, आणि बाइंडरमध्ये गव्हाचं ग्लुटेन चांगलं. दुसरं, तिला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही आणि त्याशिवाय ती कात टाकू शकत नाही. पेंडीत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. म्हणून पूर्ण वनस्पतीवाल्या खाद्यावर कोळंबी कातीतच अडकून मरते. थोडं स्क्विड (माकूळ) मील, क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) मील, मासळीचं तेल, आणि सोबत १-२ टक्के सोया लेसिथिन हे लागतंच. स्क्विडचा वास तिला खेचूनही आणतो. प्रोटीन व्हनामीला ३० ते ३६, टायगर कोळंबीला ४० च्या आसपास.

कच्चे खेकडे, कोळंबीची डोकी, समुद्री कृमी हे असंच टाकू नका. पांढऱ्या डागाचा व्हायरस आणि ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी हे दोन्ही अशा जिवंत-ओल्या खाद्यातून येऊ शकतात. आणि ईएचपी आला की कोळंबी मरतही नाही आणि वाढतही नाही, ते जास्त वाईट.

नर्सरीत बारीक पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला एक बारीक जीव. २८ डिग्री, समुद्राएवढं खारट पाणी, लिटरला २ ग्रॅमपर्यंत सिस्ट (त्याची वाळलेली सुप्त अंडी), खालून जोरात हवा, वर उजेड, २४ तासांच्या आत पिल्लं बाहेर. हवा बंद करा, उजेड आता खालून दाखवा, दहा मिनिटांत रिकामी टरफलं वर येतात आणि पिल्लं खाली उजेडाकडे जमतात, खालून काढून घ्या. लगेच वापरा, उशीर केला की ती स्वतःचंच योक खाऊन संपवतात. गोड्या पाण्यातल्या पिल्लांना मोईना (गोड्या पाण्यातला बारीक जीव) पुरतो.

पायरी ६ : सगळ्या तलावात टाकायच्या आधी ट्रायल

स्वस्त खाद्य म्हणजे नफा, असं नसतं. साधं गणित बघा, बाहेरच्या खाद्याचा एफसीआर १.५ आहे, म्हणजे एक किलो मासा व्हायला दीड किलो खाद्य. तुमचं खाद्य २० टक्के स्वस्त आहे पण एफसीआर २ आला, तर ०.८ गुणिले २ म्हणजे १.६. महागच पडलं की, वर पाण्यातली घाण वाढली आणि बॅच लांबली ती वेगळी. २० टक्के स्वस्त खाद्याला एफसीआर १.८७ पर्यंतच परवडतो. हा आकडा आधी काढून भिंतीवर लिहा.

एकाच तलावात सहा हापे (जाळीचे बंद पिंजरे) लावा, तिघांत जुनं खाद्य, तिघांत नवं, आणि एकाआड एक लावा, सगळे जुने एका कोपऱ्यात नको कारण पाणी सगळीकडे सारखं नसतं. मासे एकाच बॅचचे, एकाच मापाचे, मोजून सारखे. नवीन खाद्यावर एकदम आणू नका, आठवडाभर थोडं थोडं वाढवत न्या. मग सहा ते आठ आठवडे. दर १५ दिवसांनी सगळे एकत्र वजन करा, खाद्य रोज मोजून टाका आणि वहीत लिहा, मेलेले पण लिहा. शेवटी प्रत्येक गटातले दोन मासे चिरून यकृत आणि चरबी बघा.

तिन्ही हाप्यांत आकडे साधारण सारखे आले तरच विश्वास ठेवा. एखादाच फार वेगळा आला तर आधी जाळी तपासा. माझ्या एका ट्रायलमध्ये एका हाप्यातले मासे बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट वाढलेले, मी खूष, दोघा-तिघांना फॉर्म्युला पण सांगून टाकला. शेवटच्या दिवशी हापा उचलला तर खाली हाताएवढं भोक. निम्मे मासे कधीच निघून गेले होते आणि उरलेल्यांना दुप्पट जेवण चाललेलं.